फिलिपिन्सच्या आणीबाणी आणि गुरिल्ला नोटा: काय घ्यावे, कसे तपासावे, कसे सांभाळावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. जपानी अमलातल्या बर्माच्या रुपया-नोटांचा संच जवळपास पुरा झाला आहे आणि आता दुसऱ्या महायुद्धातल्या फिलिपिन्सच्या आणीबाणीच्या व गुरिल्ला नोटांकडे, म्हणजे तिथल्या प्रांतांनी आणि जपानविरोधी लढणाऱ्यांनी काढलेल्या नोटांकडे, वळायचे आहे. पंचवीस वेगवेगळ्या प्रांतांच्या नोटांचा एक गठ्ठा ऑनलाइन विकायला आहे, तो घ्यावा का? अस्सल-नक्कल कशी ओळखायची? आणि डागाळलेल्या नोटा धुतल्या तर चालतील का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे झालेले नुकसान भरून निघत नाही. धुऊ नका. यातल्या कितीतरी नोटांवरचे शिक्के, क्रमांक आणि काही वेळा अख्खी छपाईसुद्धा जांभळ्या अॅनिलीन शाईत आहे. ही शाई पाण्यात विरघळते. ओला कापूस टेकवला तरी शिक्क्याचा जांभळा ओघळ होतो आणि तो कागदाच्या तंतूंत उतरला की बाहेर येत नाही. फाउंटन पेनच्या सह्यांचेही तेच. बँकेच्या चिवट, चिंध्यांपासून केलेल्या कागदावरची नोट पाण्यात तग धरते म्हणून हीही धरेल, असे धरून चालू नका. इथला कागद वहीचा, हिशेबाच्या फॉर्मचा, पुडी बांधायच्या तपकिरी मनिला कागदाचा असतो. त्यात लाकडाचा लगदा भरपूर असल्यामुळे ओला झाला की तो फुगतो, वाळताना सुरकुततो.

आता गठ्ठ्याबद्दल. तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पंचवीस प्रांतांची एकेक नोट घेतली तर पंचवीस वेगळे छापखाने, पंचवीस सह्यांचे संच आणि पंचवीस प्रकारचे कागद हाती येतात, आणि तुलना करायला एकाचीही जोडी नसते. या क्षेत्रात नोट ओळखली जाते ती तिच्या शेजारच्या नोटेवरून. एकाच चलन मंडळाच्या, म्हणजे नोटा काढणाऱ्या एकाच स्थानिक समितीच्या, तीस साध्या, स्वस्त नोटा समोर ठेवल्या की कोणता अक्षरखिळा (छपाईचा धातूचा अक्षरठसा) कुठे तुटला, सही कधी बदलली, कागद कधी संपला हे दिसू लागते. नंतर त्याच मंडळाची दुर्मिळ नोट समोर आली की ती त्या कुळातली आहे की नाही हे तुम्हाला स्वतःला सांगता येते. शिवाय असे गठ्ठे बांधणारे विक्रेते बहुधा दोन बऱ्या नोटांच्या आधाराने वीस फाटक्या खपवतात.

कोणते मंडळ निवडावे हे कळण्यासाठी या नोटांचे थर माहीत हवेत. ८ डिसेंबर १९४१ ला जपानचा हल्ला झाला आणि बेटाबेटांचा मनिलाशी संपर्क तुटत गेला. पगार, पोलीस, धान्यखरेदी यांना रोकड उरली नाही. राष्ट्राध्यक्ष मॅन्युएल केझॉन यांच्या सरकारने प्रांतांना स्वतःच्या नोटा काढायची परवानगी दिली. मग सेबू, इलोइलो, नेग्रोस इथे स्थानिक चलन समित्या आणि फिलिपाइन नॅशनल बँकेच्या शाखा यांच्या नावाने बऱ्यापैकी छापलेल्या नोटा आल्या. हा पहिला थर. ९ एप्रिल १९४२ ला बतान द्वीपकल्प आणि ६ मे ला कोरेहिदोर बेट जपानच्या हाती पडले, तोवर हे सगळे उघडपणे, सरकारी छत्राखाली चालले होते.  

दुसरा थर शरणागतीनंतरचा आणि खरे तर याचेच नाव गुरिल्ला नोटा. मिंदानाओत वेंडेल फर्टिग यांची फौज, पानाय बेटावर गव्हर्नर तोमास कोन्फेसोर यांचे मुक्त सरकार, लेयतेत रुपेर्तो कांगलेऑन, नेग्रोसवर आल्फ्रेदो मोंतेलिबानो यांचे मुलकी शासन. या सर्वांना सैनिकांचा शिधा विकत घ्यायचा होता. वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या केझॉन सरकारशी वायरलेसवर संपर्क आल्यावर यातल्या काही मंडळांना रीतसर मान्यता मिळाली. काहींनी आधी छापल्या आणि मान्यता मागाहून मागितली. उत्तरेला इलोकोस नोर्तेचे गव्हर्नर रोक अब्लान यांच्या नोटा, बोंतोकच्या माउंटन प्रॉव्हिन्सच्या नोटा आणि कुष्ठरोग्यांच्या कुलियॉन वसाहतीच्या १९४२ च्या नोटा हेही युद्धकाळातलेच. तिसरा थर म्हणजे गुरिल्ला फौजांच्या तुकड्यांनी तांदूळ, रेडे, कापड घेताना दिलेल्या पावत्या. त्या चलन नाहीत, पण संग्रहात शोभतात. फक्त नोटेच्या किमतीला घेऊ नका.

सुरुवातीला नेग्रोस किंवा मिंदानाओ घ्या. दोन्हीकडे ५ सेंतावोपासून (सेंतावो म्हणजे पेसोचा शंभरावा भाग) मोठ्या पेसोंपर्यंत बरीच मूल्ये आहेत, नोटा मोठ्या संख्येने उरल्या आहेत आणि दोन्हींचे प्रकार भरपूर अभ्यासले गेले आहेत. बोहोल तिसरा क्रमांक. तिथल्या नोटा इतक्या ओबडधोबड आहेत की नवख्याला प्रत्येक अस्सल नोट खोटी वाटते. कुलियॉन आणि उत्तरेकडचे अपायाओ यांच्या वाटेला पहिली दोन वर्षे जाऊ नका. नील शाफर यांची १९७४ ची सूची हाताशी हवीच. जागतिक नोटांच्या कॅटलॉगच्या विशेष खंडात या नोटांना ‘एस’ ने सुरू होणारे क्रमांक आहेत आणि लिलावांत तेच चालतात. संग्रहाच्या नोंदीत क्रमांकाबरोबर उपप्रकाराचे अक्षरही लिहा. सही, कागदाचा रंग, मागच्या बाजूचा शिक्का यांवरून पडलेल्या उपप्रकारांत किमतीचा फरक मूळ क्रमांकांतल्या फरकाहून मोठा असू शकतो.

तपासणीकडे वळू. लागणारी साधने थोडी आहेत: दहापट मोठे दाखवणारे भिंग, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा, मिलिमीटरची पट्टी आणि आडवा प्रकाश पाडायला लहान टॉर्च. नोट टेबलावर ठेवून टॉर्च जवळपास आडवी, पंधरा-वीस अंशांत धरली की कागदावरचे दाब, घड्या, चिकटवलेले तुकडे सगळे उठून दिसते. हीच नोट पुन्हा मागून प्रकाश टाकून पाहा.

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: ही छपाई कोणत्या पद्धतीची आहे, आणि ती या मंडळाकडे होती का? खिळ्यांच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार येते आणि आत रंग किंचित फिका राहतो. आडव्या प्रकाशात मागच्या बाजूला अक्षराचा उठाव दिसतो. लाकडी ठोकळ्याची छपाई ओळखायला सोपी: मोठ्या रंगीत भागात लाकडाची रेष उमटते, रेघा जाड आणि कोपरे गोलसर. सायक्लोस्टाइलमध्ये, म्हणजे मेणकागदाच्या साच्यातून शाई उतरवण्याच्या पद्धतीत, दाब अजिबात नसतो. मेणकागदावर टाइपरायटरने ओ, ई अशी अक्षरे ठोकताना मधला गोल तुटून पडतो, म्हणून ती अक्षरे आतून भरलेली दिसतात. शाई तेलकट असल्याने ऐंशी वर्षांत तेल कागदात पसरते आणि मागून पाहिले तर अक्षराभोवती पिवळट-तपकिरी झालर दिसते. ही झालर बनावट करणे फार कठीण, आणि अस्सल म्हणवणाऱ्या सायक्लोस्टाइल नोटेवर ती नसली तर मी तरी ती नोट बाजूला ठेवीन. थेट टाइप केलेल्या अक्षरांत भिंगाखाली फितीच्या कापडाची वीण दिसते. कार्बन प्रतीत वीण नसते, कडा मऊ असतात.

खोट्या नोटा या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या प्रकारे उघड्या पडतात. इंकजेटमध्ये भिंगाखाली निळे, गुलाबी, पिवळे ठिपके. लेझरमध्ये पावडर कागदावर बसलेली, घडीवर तडकलेली आणि मोकळ्या जागेत भरकटलेले काळे कण. ऑफसेटमध्ये रंग सपाट, ना किनार ना उठाव. सर्वांत त्रासदायक नक्कल म्हणजे अस्सल नोटेचे स्कॅन घेऊन त्याचा ठसा करून खरोखरीच दाबून छापलेली. तिच्यात दाब आहे, किनार आहे, कागदही जुन्या वहीतला असू शकतो. तिथे दोन गोष्टी पाहा. मूळ नोटेवर पसरलेली शाईसुद्धा ठशात धरली गेल्यामुळे सगळी अक्षरे अस्सलपेक्षा अंगाने जाड येतात. आणि ज्या नोटेवरून स्कॅन घेतले तिच्यावरचे अपघाती डाग, तुटका कोपरा, धुळीचा ठिपका हे त्या मालिकेतल्या सगळ्या नक्कलांवर त्याच जागी उमटतात. दोन लिलावांच्या छायाचित्रांत वेगळ्या क्रमांकांच्या दोन नोटांवर एकच धुळीचा ठिपका दिसला, तर दोन्ही सोडा.

याच्या उलट, एकाच जागी तुटलेली चौकटीची नक्षी हा दोष नाही. नोटा एका तावावर अनेक छापल्या जात, प्रत्येक जागेची चौकट हाताने जुळवलेली असे आणि खिळ्याचा तडा त्या जागेच्या प्रत्येक नोटेवर येई. धुळीचा अपघात आणि खिळ्याचा तडा यांतला फरक तीसेक नोटा पाहिल्यावर कळतो. म्हणूनच एकाच मंडळाचा आग्रह.

अतिनील दिव्याबद्दल गैरसमज फार आहेत. युद्धानंतर, साधारण १९५० पासून, कागदात चकाकी आणणारी रसायने सर्रास आली. ती या दिव्याखाली निळसर-पांढरी झगमगतात. युद्धकाळातला कागद मंद, पिवळट किंवा तपकिरी दिसतो. म्हणजे झगमगणारी नोट संशयास्पद. पण कोणीतरी अस्सल नोट कपडे धुवायच्या पावडरीत बुचकळली असेल तर पावडरीतली तीच रसायने तिच्यावर बसलेली असतात आणि ती अस्सल असूनही चमकते. अशा वेळी चमक ढगाळ, कडांना आणि घड्यांत जास्त असते. दुसरीकडे, न चमकणारी नोट अस्सलच असते असेही नाही, कारण जुन्या हिशेबवहीची कोरी पाने मिळवणे अवघड नाही. हा दिवा नोट नाकारायला उपयोगी, स्वीकारायला नाही.

सह्या आणि क्रमांक हा तपासणीचा सर्वांत फलदायी भाग. बहुतेक मंडळांच्या नोटांवर दोन-तीन अधिकाऱ्यांच्या सह्या असतात, काही छापील, काही हाताच्या, आणि कित्येकदा मागे आद्याक्षरांची प्रतिसही. माणसे बदलली, पकडली गेली, मारली गेली, तशी सहीही बदलली. एक साधा तक्ता करा: मालिकेचे अक्षर, क्रमांक, मूल्य, सहीचा संच, कागद, छपाईचा रंग, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये. लिलावांच्या जुन्या छायाचित्रांतूनही नोंदी भरा. दोन-तीनशे ओळी झाल्या की क्रमांकांचे पट्टे दिसू लागतात, अमुक क्रमांकापर्यंत जुनी सही, पुढे नवी. खोटी नोट करणारा दिसणे हुबेहूब आणतो, पण क्रमांक मनाने टाकतो, आणि तो बहुधा चुकीच्या पट्ट्यात पडतो. मापाबाबत मात्र ताठर राहू नका. हाताने कापलेल्या नोटांत तीन-चार मिलिमीटरचा फरक साहजिक आहे. ओबडधोबड म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा नोटा मिलिमीटरला मिलिमीटर सारख्या निघाल्या तर मात्र विचार करायला हवा.

सही न झालेल्या, उरलेल्या कोऱ्या नोटाही बाजारात आहेत. त्यांच्यावर मागाहून सही आणि क्रमांक घालून जारी झालेली नोट म्हणून विकणे हा जुना धंदा. कागद, छपाई सगळे अस्सलच असल्याने वर सांगितलेल्या कसोट्या इथे चालत नाहीत. भिंगाखाली शाई घडीवरून कशी जाते ते पाहा. घडी नंतर पडली असेल तर शाईची रेघ घडीबरोबर तुटते. घडीनंतर सही केली असेल तर शाई घडीच्या उघड्या तंतूंत झिरपून जाड होते. बॉलपेनची सही तर वादच मिटवते, कारण ते पेन तिकडे युद्धात नव्हते.

शुद्धलेखनाच्या चुका, उलटी मागची बाजू, गळलेले अक्षर यांवरून नोट खोटी ठरवू नका. रात्रीतून छापखाना हलवावा लागणाऱ्यांकडून मुद्रितशोधनाची अपेक्षा करता येत नाही, आणि अशा चुकांचे प्रकार कॅटलॉगमध्ये नोंदलेले आहेत. युद्धातच फसवणुकीसाठी केलेल्या खोट्या नोटाही आहेत. त्या आज स्वतंत्रपणे जमवल्या जातात, काही मूळ नोटेहून महाग जातात. विक्रेत्याने ‘त्या काळची नक्कल’ म्हटले की लगेच मान डोलवू नका. तिलाही कागदाच्या आणि छपाईच्या त्याच कसोट्या लावा.

तुमच्याकडच्या बर्मा नोटांचा इथे थेट उपयोग आहे. जपानी लष्कराने प्रत्येक प्रदेशाला अक्षर दिले होते: बर्माला बी, मलायाला एम, फिलिपिन्सला पी. पी अक्षराच्या पेसो-नोटा गुरिल्ला नोटांच्या शेजारी ठेवायला जरूर घ्या, त्या स्वस्त आहेत. छपाई देखणी, पण मोल नाही म्हणून लोक त्यांना ‘मिकी माउस मनी’ म्हणत. १९४२ मध्ये १० पेसोंपर्यंत असलेली मूल्ये युद्ध संपता संपता १,००० पेसोंपर्यंत गेली. कागदाच्या तुकड्यावरची गुरिल्ला नोट मात्र युद्धानंतर कायदेशीर चलनात बदलून मिळेल, असे वचन तिच्या अंगावरच बहुधा छापलेले असे, आणि पुढे फिलिपिन्स सरकारने अशा नोटा नोंदवून जमा करून घेण्याचे कायदेही केले.

जपानी पेसो-नोटांत धोका जादा छापांचा आहे. मित्रराष्ट्रांनी प्रचारासाठी साध्या नोटेवर ‘सहसमृद्धी क्षेत्र: याची किंमत काय?’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर छापून नोटा टाकल्या (सहसमृद्धी क्षेत्र हे जपानने आपल्या अमलाखालच्या प्रदेशाला दिलेले नाव). मूळ नोट पैशाला पासरी आणि छापासहित महाग, त्यामुळे असे छाप आजही पाडले जातात. १९५३ मध्ये या नोटांचे पैसे मिळावेत म्हणून स्थापन झालेल्या दावेदार संघटनेचा, म्हणजे ‘जॅपवॅनकॅप’चा, शिक्का कित्येक नोटांच्या पाठीवर असतो. तो युद्धकाळातला नाही. काही जण तो गुरिल्ला शिक्का म्हणून विकतात.

डागांकडे परत येऊ. गुरिल्ला नोट जवळ सापडली तर जपानी लष्कराकडून जीव जाण्याची भीती होती. लोकांनी त्या बाटल्यांत, डब्यांत, बांबूच्या नळ्यांत भरून जमिनीत पुरल्या. म्हणून बुरशीचे ठिपके, एका कोपऱ्याची झीज, कीटकांनी पाडलेली भोके, टाचणीचा गंज हे या नोटांचे नेहमीचे लक्षण आहे. प्रतवारी करताना बँकेच्या नोटेचे मोजमाप इथे लावू नका. दुर्मिळ प्रांताची कोपरा गेलेली नोट पूर्ण किमतीच्या बरीच जवळ विकली जाते आणि नेग्रोसची साधी नोट कोरी करकरीत मिळत असताना मळकी घेण्यात अर्थ नाही. वापरात असतानाच फाटून कागदाची पट्टी लावलेल्या नोटा दिसतील. ती पट्टी काढू नका, ती त्या नोटेच्या प्रवासाचा भाग आहे. सेलोटेप मात्र दिसला की घेण्याआधीच किंमत पाडा. त्याचा गोंद कागदात उतरलेला असतो आणि तो काढणे तज्ज्ञ जतनकाराचेच काम.

बुरशी कोरडी असेल तर मोकळ्या हवेत, नाकाला मास्क लावून, मऊ ब्रशने हलके झटकावी. किडीची शंका असेल तर नोटा पॉलिथीनच्या पिशवीत हवा काढून बंद कराव्या आणि घरच्या फ्रीझरमध्ये, उणे अठरा अंशांवर, दोन आठवडे ठेवाव्या. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव धरते. डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ प्लॅस्टिकवर आणि कागदावर बसते.

ठेवण्यासाठी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे घ्या. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाने काही वर्षांत चिकट होतात आणि शाई उचलतात. लॅमिनेशनचे तर नावच काढू नका. लाकडी लगद्याच्या कागदातले आम्ल शेजारच्या नोटेलाही पिवळी करते, म्हणून दोन नोटांमध्ये आम्लमुक्त कागद घालावा. जांभळ्या शाईच्या नोटांसाठी तो चुना न मिसळलेला, म्हणजे साधा आम्लमुक्त, असावा, कारण क्षारीय कागदाने काही रंग बदलतात. या शाया उजेडाने उडतातही. भिंतीवर फ्रेम करायची हौस असेल तर चांगली रंगीत प्रत लावा.

मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता महिनोन्‌महिने ऐंशी टक्क्यांच्या वर असते. वीस लिटरच्या, रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात पाव किलो रंग बदलणारे सिलिका जेल कापडी पिशवीत आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. मापक आधी तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलाइतके ओले करा, मापकासह झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दाखवायला हवे, जेवढा फरक तेवढा मनात धरा. डब्यात ४० ते ५० टक्के राहिले पाहिजे. पस्तीसच्या खाली गेले तर हा कागद ठिसूळ होऊन घडीवर तुटतो, तेव्हा अर्धे जेल काढून घ्या. रंग बदललेले जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की पुन्हा वापरता येते.

गठ्ठ्याच्या विक्रेत्याला निरोप पाठवायचाच असेल तर एवढेच विचारा: यातल्या नेग्रोस आणि मिंदानाओच्या नोटा सुट्या देणार का, आणि प्रत्येकीचे दोन्ही बाजूंचे ६०० डीपीआय स्कॅन व मागून प्रकाश टाकून काढलेला एक फोटो पाठवणार का. फोटो द्यायला नकार आला तर पैसे राखून ठेवा. नोटा सुट्या मिळाल्या तर आधी क्रमांक तक्त्यात भरा, मग भाव ठरवा.